उचकी

पेरूवाल्याने पेरूच्या चार फाका केल्या, मीठतिखट चोळलं, कागदावर ठेवून कोंडीरामच्या हातात दिल्या आणि मान मागे टाकून एक उचकी काढली. खोटी. मग डोळा मिचकावून म्हणाला, "काय साहेब, कोण बरं आठवण काढतंय?" लालबागच्या नाक्यावर ट्रामची घंटा वाजत होती, पहिली पाळी सुटलेली, माणसांचा लोंढा भारतमाता टॉकीजच्या बाजूने वळत होता आणि त्यातलेही दोघेतिघे वळून हसले. कोंडीरामही हसला. रस्त्यात कोणी उचकी काढली की हसायचं, हात वर करायचा, हे दोन वर्षांत इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला त्याचं काही वाटत नसे. खरं तर बरंच वाटे. गिरणीच्या रिंग खात्यात दिवसभर धागे सांधणाऱ्या माणसाला भर नाक्यावर लोक ओळखतात, पोरं मागे लागतात, ही चैन काय साधी होती? पण पेरूवाला पुढे बोलला. "परवा दादरच्या खेळाला मी होतो. ते खरे मंत्रीसाहेब आले होते ना, तेव्हा. एक सांगू? फार मोकळा माणूस हो. आपण उगाचच डूक धरून होतो त्याच्यावर."

कोंडीरामच्या तोंडात पेरूची फाक तशीच राहिली. आणि त्याने जे विचारलं ते विचारल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्याने विचारलं, "माझं काम कसं झालं?"

"झ्याक! तुमचं काय विचारता," पेरूवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळत म्हणाला. "पण शेवटी साहेबांनी स्वतः काढली ना उचकी, ती तुमच्यापेक्षा भारी."

परळच्या दिशेने कोंडीराम भराभरा चालू लागला. दातांत पेरूचं बी अडकलं होतं आणि जीभ सारखी तिथे जात होती. 'तुमच्यापेक्षा भारी.' आधी त्याला राग आला तो याचाच, आणि मग चार पावलांनी ध्यानात आलं की राग यायला हवा होता तो आधीच्या वाक्याचा. 'उगाचच डूक धरून होतो.' हे तो माणूस किती सहज बोलला! पेरू गोड आहे म्हणावं तसं. छातीत धडधड सुरू झाली. भीतीची नव्हती ती. विंगेत उभं राहिल्यावर, पडदा वर जायच्या आधी व्हायची तसली धडधड, आणि इथे तर भर उन्हात पोयबावडीच्या रस्त्याला लागताना ती होत होती. परवाची संध्याकाळ पुन्हा अंगावर आली. दादरला एका शाळेच्या मदतीसाठी खेळ होता. तिसरी घंटा होते न होते तोच हेरंब आत धावत आला. हेरंब ठाकूरद्वारचा, दिवसा विमा कंपनीत कारकून आणि उरलेला सगळा वेळ या खेळाचा लेखक, दिग्दर्शक, सगळंच. त्याचा चेहरा पांढराफटक. "कोंडीराम, साहेब आलेत. खुद्द. पहिल्या रांगेत बसलेत." पोटाला उशा बांधून, टोपी तिरपी घालून कोंडीराम साहेबांच्याच सोंगात तयार होता, आणि त्या क्षणी त्याच्या अंगातून असा काही झपाटा गेला की त्याला वाटलं, आज. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो आज समोर आहे. आज त्याच्या तोंडावर बोलायचं.

तो रंगमंचावर गेला आणि खाली पाहिलं. पहिल्या रांगेत एक लहानखुरा माणूस बसला होता. कोंडीरामच्या उशांच्या पोटापुढे तर अगदीच बारीक. आणि तो हसत होता. पहिल्या उचकीला त्याने गुडघ्यावर थाप मारली. दुसऱ्या उचकीला रुमालाने डोळे पुसले. आणि मग काय झालं ते कोंडीरामला नीट सांगता आलं नसतं, पण त्या हसण्याने त्याला ओढून घेतलं. तो त्या एका माणसासाठी खेळू लागला. आणखी हसव, आणखी. दोनदा काढायची उचकी त्याने पाचदा काढली, टेबलावर चढून काढली, पाणी पिता पिता काढली, आणि पहिल्या रांगेतला माणूस खुर्चीत अक्षरशः लोळू लागला तेव्हा कोंडीरामच्या डोक्यात नुसता आनंद घुमत होता. खेळ संपल्यावर साहेब वर आले. माइकपुढे उभे राहिले. मग एक उचकी काढली आणि चौफेर बघून विचारलं, "कोण बरं आठवण काढतंय?" आणि सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं, "आम्ही!" छप्पर उडायचंच बाकी. साहेबांनी कोंडीरामच्या खांद्यावर हात टाकला. मऊ, उबदार हात. चंदनाच्या साबणाचा वास. "हा माझा गुरू बरं का," ते लोकांना म्हणाले, आणि मग फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, कानाशी, "छान करतोस हो. घरी ये एकदा." आणि कोंडीरामची मान वाकली. त्याने वाकवली नव्हती. ती आपोआप वाकली. रस्त्याने चालताना त्याने मानेवर मागून हात ठेवला, जणू ती तिथेच, त्याच जागी, अजून वाकलेली होती.

कुठून सुरू झालं होतं हे? रघुपासून. रघु त्याच्याच चाळीतला, त्याच्याच खात्यातला. छप्पनच्या जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा रघु काही दूध आणायला बाहेर पडला नव्हता आणि चुकून गर्दीत सापडला नव्हता, जसं पुढे लोक हळहळून सांगू लागले. तो मोर्चातच होता, पुढे होता, गळ्याच्या शिरा ताणून मुंबई मागत होता, आणि त्याला गोळी समोरून लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी नाक्यावरच्या इराण्याच्या रेडिओवर साहेबांचं भाषण लागलं. चहाचे कप हातातच राहिले होते सगळ्यांच्या. संथ, समजूतदार आवाज. पोलिसांनी संयम पाळला. आईबापांनी मुलांना घरात ठेवावं. जे मेले ते... आणि इथे साहेबांना उचकी लागली. स्पष्ट ऐकू आली, रेडिओवर. मग ते पुन्हा म्हणाले, जे मेले ते गुंड होते. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत कोंडीरामने ते बोलून दाखवलं. का, ते ठाऊक नाही. गप्प बसवत नव्हतं म्हणून. हुबेहूब तो आवाज, तो संथपणा, आणि नेमक्या जागी ती उचकी. इतके दिवस सुतक धरून बसलेली माणसं हसली. ओकारी यावी तसं हसू आलं त्यांना, पोटातून, आवरत नसताना. तेवढ्यात रघुची बायको मालन दारात आली. चौकटीला धरून म्हणाली, "परत बोला, भावजी." तो परत बोलला. "परत." तिसऱ्यांदा बोलला तेव्हा कोणी हसलं नाही. कोणाच्या तरी हातातला पितळी तांब्या कठड्याला लागून वाजला, तो आवाज त्याला अजून ऐकू येई.

हेरंबने त्याचा खेळ केला. गिरगावातल्या एका सभेत त्याने कोंडीरामची नक्कल पाहिली आणि वेड लागल्यासारखा तो परळला येऊ लागला. त्याचीच कल्पना: मंत्र्याला उचकी लागते, तो विचारतो, कोण बरं आठवण काढतंय, आणि प्रेक्षकांत बसलेलं आपलंच एखादं माणूस उठून मेलेल्या कोणाचं नाव सांगतं. मंत्री पाणी पितो. पुन्हा उचकी. पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यातून नाव. उचकी थांबत नाही, नावं थांबत नाहीत. गिरगावातला तो पहिला खेळ! वाडीच्या चौकात सतरंज्यांवर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या, आणि दाराशी उभा असलेला फौजदार सारखी टोपी काढून घालत होता. खेळ झाल्यावर ते दोघं ठाकूरद्वारपासून चालत निघाले आणि रस्ताभर मोठ्याने बोलत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते, आणि बोलता बोलता परळ कधी आलं ते कळलंच नाही. "कोंडीराम, हे चावतंय त्यांना!" हेरंब ओरडला होता. "लागलंय! वर्मी लागलंय!"

आणि मग ते सुटत कधी गेलं? कोणी ठरवून काही काढलं नव्हतं. परवानगी देणाऱ्यांनी नावांना हरकत घेतली, म्हणून काही खेळ नावांशिवाय झाले. नावं नव्हती तेव्हा एकदा भायखळ्याला प्रेक्षकांतूनच कोणीतरी ओरडलं, "सासूबाई!" हशा असा पिकला की कोंडीरामला पुढचं वाक्य घेता येईना. पुढच्या खेळाला लोक त्यासाठीच आले. सासूबाई, घरमालक, रेशनवाला, शेजारची कालिंदी. हेरंबने ते खेळात घेतलं. घेतलं म्हणजे राहू दिलं. पोटावर आधी एकच उशी होती, तिच्या दोन झाल्या. 'जे मेले ते' हे वाक्य लांबलं की लोक चुळबुळत, म्हणून ते आखडलं, आणि एका खेळात घाईत राहूनच गेलं, आणि कोणी विचारलंही नाही. कोंडीराम थबकला. कुठल्या खेळात? आठवेना. स्वतःच्या तोंडून ते वाक्य शेवटचं कधी निघालं तेच त्याला आठवेना, आणि तो फुटपाथवर उभा राहून ओठ हलवून पाहू लागला, शब्द आहेत का जागेवर.

चाळीत पोचला तेव्हा मालन गॅलरीत सूप घेऊन सुकट निवडत बसली होती. रघुनंतर ती वाइंडिंग खात्यात लागली होती. तिचीही पहिलीच पाळी. कोंडीराम तिच्यासमोर कठड्याला टेकला.

"वहिनी, तुम्ही आताशा खेळाला येत नाही."

"येते की. दादरला नव्हते का परवा? कमलाबाईंबरोबर आलेले."

"मग? कसा वाटला?"

"हसले," मालन म्हणाली. सुकटीतला एक खडा तिने उचलून खाली टाकला. "लय हसले. पोटात दुखायला लागलं. तो साहेब वर आला, त्यानं विचारलं, तवा मीबी ओरडले, आम्ही म्हणून. सगळ्यांसंगं." तिने सूप खाली ठेवलं. "घरी आल्यावर चूल पेटवत होते आणि मला आठवेचना, भावजी. ह्या माणसाचा मला एवढा राग कशापायी यायचा, तेच. जरा वेळ काय केल्या आठवेना."

"आणि मग?"

"मग आठवलं," मालन म्हणाली आणि सूप पुन्हा हलवू लागली.

तिने बोल लावला नव्हता. आवाजही चढवला नव्हता. स्वतःचीच काही वस्तू ठेवून विसरावी आणि सापडावी, तसं सांगितलं तिने. कोंडीराम कठड्यापासून बाजूला झाला. तो चहाला थांबला नाही. कपडे न बदलता खाली उतरला आणि गिरगावची ट्राम धरली. मनात इतकं काही एकदम उसळत होतं की त्याला बसवेना. जागा असून तो दांड्याला धरून उभा राहिला. आपणच केलं हे. त्या माणसाला जणू दातच नाहीत असं समजून आपण दोन वर्षं त्याला गोंजारलं, लोकांना त्याची सवय करून दिली. बंदूकवाल्या माणसाला आपण उचकीवाला केला! पण त्या तळमळीतच दुसरं काहीतरी फडफडत होतं, आणि ते नाना चौक येईपर्यंत त्याला नीट दिसलं. गोंजारणं हातात होतं तर दुसरंही हातात होतं. उद्या नरे पार्कला खेळ होता.

हेरंबची खोली वाडीच्या पहिल्या मजल्यावर. तो दारातच भेटला, आनंदाने फुललेला. "तुझ्याकडेच निघालो होतो! साहेबांच्या बंगल्यावरून निरोप आलाय. त्यांच्या मुलीच्या लग्नात आपला खेळ. सगळे मंत्री असतील, कोंडीराम, सगळे!"

"हेरंबभाऊ, उद्या मी उचकी काढणार नाही."

हेरंब हसला, मग हसायचा थांबला. "म्हणजे?"

"नाही काढणार. बाकी सगळं बोलेन. जे रेडिओवर ऐकलं होतं ते."

"अरे, पण उचकी नसेल तर खेळात उरतं काय?"

"तेच बघायचंय मला."

हेरंब खाटेवर बसला. तो वाईट माणूस नव्हता. दोनदा तुरुंगात जाऊन आला होता, बढती गमावून बसला होता. "हे बघ," तो शांतपणे म्हणाला, "छप्पन साली लोक खिडक्या लावून बसत होते. आज तेच लोक मंत्र्याच्या तोंडावर हसतात. माणूस हसतो तेव्हा त्याची भीती गेलेली असते. हे तू केलंस, मी केलं. हे थोडं आहे का?"

"भीती गेली, खरं आहे," कोंडीराम म्हणाला. "पण तिच्या बरोबर दुसरंही गेलं. मालनवहिनी परवा पोट धरून हसल्या, हेरंबभाऊ. रघुची बायको."

हेरंब खाटेवरून उठला. मग म्हणाला, "लोक चिडतील. खेळ पडेल."

"पडू दे!" कोंडीराम ओरडला, आणि स्वतःच्या आवाजाने त्याला इतकं बरं वाटलं की तो जिना दोन दोन पायऱ्या गाळत उतरला.

नरे पार्कवर दुसऱ्या दिवशी माणूस मावत नव्हता. संध्याकाळचं ऊन अजून गिरणीच्या चिमणीवर होतं. मंचामागे कोंडीरामने उशा बांधल्या नाहीत. टोपी सरळ घातली. रंग लावला होता तो पुसून टाकला आणि धुतल्या तोंडाने बाहेर गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे बसलेल्या पोरांनी लगेच उचक्या काढायला सुरुवात केली, एकाने, मग दहांनी, सगळं मैदान बेडकांसारखं उचकू लागलं. कोंडीराम थांबला. हसला नाही. सगळे गप्प होईपर्यंत तो नुसता बघत राहिला, आणि मग बोलला तो खेळातल्या आवाजात नाही. दादरला ज्या आवाजात कोणीतरी त्याच्या कानाशी बोललं होतं त्या, मऊ आवाजात.

"तुमचं माझ्यावर प्रेम आहे. मला ठाऊक आहे ते."

काही लोक हसले.

"त्या दिवशी पोलिसांनी संयम पाळला. आणखीही गोळ्या होत्या त्यांच्याजवळ. झाडल्या का? नाही झाडल्या."

एक हसू उठलं आणि मध्येच विझलं. बाजूच्या कनातीआडून हेरंबचा आवाज आला, दबका, घायकुतीला आलेला. "उचकी दे! अरे, आता दे!" लोकही तीच वाट बघत होते. ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं, उघड्या तोंडांवर. हसू तयार ठेवून ते बसले होते आणि ते टाकायला त्यांना जागा मिळत नव्हती. कोंडीरामला वाटलं, हजारो माणसांचा श्वास आपण मुठीत धरलाय. असं त्याला कधी वाटलं नव्हतं, छप्पन साली गिरगावातसुद्धा नाही.

"जे मेले," तो म्हणाला आणि जिथे नेहमी उचकी यायची तिथे थांबला, लांबवर थांबला, "ते गुंड होते. इथे कोणाचं कोणी मेलंय का? असेल तर हात वर करा. घाबरू नका. मी तुमचाच आहे."

हे खेळात कधीच नव्हतं. ते त्याला आधी सुचलंही नव्हतं. मग बायकांच्या बाजूने एक हात वर गेला, आणि हातामागून मालन उभी राहिली. तिला बघून कोंडीरामला एकदम स्वतःच्या आवाजात हाक मारावीशी वाटली, सांगावंसं वाटलं, वहिनी, मी आहे. पण जीभ त्या दुसऱ्याच्या हवाली केलेली होती, आणि ती मागे घेतली असती तर सगळंच गेलं असतं.

"कोण गेलं तुमचं, बाई?"

"माझा नवरा." आवाज स्पष्ट होता.

"मोर्चात होता?"

"होता. पुढं होता."

"मग गुंडच की तो," कोंडीराम गोडीने म्हणाला. "बसा खाली."

मालन बसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. ती कोणाला बघतेय, आपल्याला की त्याला, हे कोंडीरामला ओळखता येईना, आणि तिच्या डोळ्यांसमोर उभं राहताना त्याला वाटलं की आपली कातडी सोलून निघतेय. "बसा खाली, बाई," तो पुन्हा म्हणाला. "लोकांना हसायचंय."

आधी तिच्या शेजारची कमलाबाई उठली. मग तिच्या मागची. मग सगळी बायकांची बाजू, आणि कुठूनतरी खर्जातला एक गुरगुराट सुरू झाला, गिरणीत साच्यांची यंत्रं चालू होताना जमीन हलते तसा. कोणीतरी शिवी दिली. एक चप्पल आली आणि कोंडीरामच्या भुवईवर बसली. कळ डोक्यात गेली, डोळ्यात गरम काहीतरी उतरलं, आणि त्याच्या अंगभर असा हर्ष उसळला की हसू आवरायला त्याला दात आवळावे लागले. ते चिडले होते! हसवायला आलेल्या माणसावर नाही, विदूषकावर नाही. जे मेले त्यांना गुंड म्हणणाऱ्यावर चिडले होते. मागे हेरंब ओरडत होता, "पडदा! पडदा टाका!" कोंडीरामने न वळता हात मागे केला, नाही, नाही. आणि त्याच संथ, समजूतदार आवाजात तो पुढे बोलला, "शांत राहा. आईबापांनी आपापली मुलं घरात ठेवावीत."

बांबूंचा मंच हलला. एक दांडगा माणूस, बहुधा गोदीतला, दोन्ही हात टेकून वर चढला. त्याने कोंडीरामची कॉलर धरली, सदरा मानेशी टरकन फाटला, आणि त्याचा तापलेला श्वास चेहऱ्यावर आला. "पुन्हा बोल," तो म्हणाला. त्याचे ओठ थरथरत होते आणि डोळे भरून आले होते. "भडव्या, पुन्हा बोलून दाखव." खालून कोणीतरी घाबरून ओरडलं, "अरे सोड त्याला! तो आपला कोंडीराम आहे! नाटक आहे ते!" माणसाची मूठ क्षणभर सैल पडली, तो गोंधळला, खरा राग कुठे ठेवावा ते न कळून त्याने कोंडीरामच्या तोंडाकडे पाहिलं. कोंडीरामने मान सरळ केली, ताठ केली, त्या मुठीवर आपला हात ठेवला आणि ती पुन्हा आपल्या गळ्याशी घट्ट दाबून धरली.

"ते गुंड होते," तो म्हणाला.